माया ठेवून शिवलेला सूट

उन्नीला अंगाला बसणारा पाणबुड्याचा सूट बुधवारपर्यंत मिळाला नाही, तर शिंपले काढणाऱ्या बोटीवरची तिची जागा गुरुवारी दुसऱ्याला जाणार होती. परतीची वाट तिने स्वतःच बुजवली होती. मासळीच्या कारखान्यातला राजीनामा देऊन झाला होता, निरोपाचा केकही पोटात गेला होता. आणि निरोपाचा केक खाऊन पुन्हा कामावर यायला फ्रोया बेटावर अजून तरी कुणी धजावलेलं नाही.

उन्नीची उंची चार फूट दहा इंच. दुकानातला सगळ्यात लहान सूट पाच फूट सातच्या बाप्याच्या मापाचा. नॉर्वेत लहान माणूस म्हणजे तेवढाच. दुकानदार म्हणाला, गुडघ्यापाशी जरा चुण्या पडतील. चुण्या कसल्या, आत आणखी एक उन्नी मावली असती.

सोमवारी तिने धक्क्याजवळ तो घालून पाहिला. अंग कोरडं ठेवणाऱ्या या सुटात हवा असते, आणि हवेला जिथे मोकळी जागा मिळेल तिथे ती धावते. उन्नी खाली वाकली, हवा पायांत गेली आणि दोन फुगलेले बूट पाण्यावर उभे राहिले. त्यांच्याखाली उन्नी, डोकं तळाकडे करून. बोटीचा मालक ओडमुन, त्याने तिला आकड्याने ओढून घेतलं.

"गुरुवारी वीस मिनिटं खाली राहायचं आणि पेटी भरून आणायची," तो म्हणाला. "नुसते पायच वर येणार असतील, तर त्यांना मी कामावर ठेवत नाही."

उन्नी सूट काखोटीला मारून बोर्गहिल आत्याकडे गेली. बेटावरच्या झाडून सगळ्या मुलींचे बुनाड आत्यानेच शिवलेले. पंधराव्या वर्षी शिवलेला हा सणाचा पोशाख सत्तरीतही अंगात चढायला हवा, म्हणून आत्या प्रत्येक शिवणीत चार बोटं माया ठेवायची.

"आत्या, जास्तीचं कापूनच टाक."

"आणि दोन बाळंतपणांनंतर काय घालशील?"

"मला शिंपले काढायचेत गं."

"सगळ्या आधी असंच काहीतरी म्हणतात."

तिने जास्तीचं सगळं आत दुमडलं. सुईने भोकं पडतात एवढं तिलाही कळत होतं, म्हणून दोरा न घालता दुमडी चिकटवायच्या ठरल्या. पण टाचण्या लावल्याशिवाय माप बसवायचं, हे साठ वर्षांत तिच्या हातून घडलं नव्हतं, आणि टाचणीला ती सुई मानत नव्हती. एकशे अठरा टाचण्या लावल्या, गोंद वाळल्यावर मोजून काढल्या, एकही हरवली नाही म्हणून समाधानाने कॉफी ओतली.

गुरुवारी सूट उन्नीच्या अंगावर झाडाच्या सालीसारखा बसला. ती पाण्यात छातीपर्यंत गेली आणि एकशे अठरा जागी थंडीने चिमटा काढला. काय झालंय ते तिला तत्क्षणी कळलं. वर यावं तर डोळ्यांपुढे तो केक. ती खाली गेली.

पाणी आत भरलं तशी हवा गळ्यापाशी जमून निघून गेली. पायांत जायला काही उरलंच नाही. उन्नी जन्मात पहिल्यांदा समुद्राच्या तळाशी खांबासारखी उभी राहिली. दात श्वासाच्या नळीवर वाजत होते, सुटाच्या आत लोकरीचे कपडे होते म्हणून जीव होता. पेटी भरली.

शिडी मात्र तिला चढवेना; सुटात अर्धी खाडी भरली होती. ओडमुनने बोटीच्या क्रेनने तिला उचललं. ती हवेत लोंबली, आणि काखेपासून घोट्यापर्यंत प्रत्येक शिवणीतून पाण्याच्या बारीक धारा सुटल्या. ओडमुन बरोबर खाली उभा. त्याची टोपी वाहून गेली असंही सांगतात. मी पदरचं घालत नाही, टोपी फक्त भिजली.

"वीस मिनिटं झाली ना?" उन्नीने वरूनच विचारलं. ओठ निळे पडले होते.

ओडमुनने तोंड पुसलं, पेटीत डोकावून पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"एकवीस," तो म्हणाला. "सोमवारी ये. भोकं बुजवून."

धक्क्यावर वाट पाहत थांबलेली आत्या तिला घोंगडीत गुंडाळत होती, तेव्हा ओडमुनने आत्याला हळूच पेट्यांच्या आड बोलावलं. दोन हिवाळे शेडमध्ये लटकून आपला सूट आटलाय, म्हणाला; पोटाशी थोडा सैल करून मिळेल का?

आत्याने त्याच्या पोटावरून एकदा नजर फिरवली. फीत काढायची गरज पडली नाही.

"रबर आटत नाही, ओडमुन."

"हळू बोल."

"मागच्या दाराने ये," आत्या म्हणाली. "बुनाड आटला की सगळ्या बायका तिथूनच येतात."