सोल सिंगर राजेश्वरीअक्का

आमच्या गल्लीत कुणाकडं मयत झालं की राजेश्वरीअक्का सगळ्यांच्या आधी जाऊन बसतात आणि रडणाऱ्या बायकांचा सूर तपासतात. परत येताना मला जिन्यात गाठून निकाल सांगतात. थोरली सून काळी दोनच्या पट्टीत रडली, सूर नीट लागला होता. धाकटी मात्र नुसतीच ओरडत होती. "आवाज हाय की तिला. पण जीव कुटं हाय त्यात?"

मी शाळेत कारकून. सुट्टीच्या दिवशी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, म्हणून हा निकाल ऐकण्याचा मान माझ्याकडं. एकदा मी म्हटलं, अक्का, माणूस गेल्यावर सूर कोण बघतं? त्या शांतपणे म्हणाल्या, "मग कवा बघायचा?"

जीव कुठं आहे, हे त्या कशालाही विचारतात. चहाला, वांग्याच्या भाजीला, नगरसेवकाच्या भाषणाला. माझ्या कीबोर्डला तर कायमच.

घरी त्या तेलुगू बोलायच्या. पण बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हापासून घरात गप्प आणि बाहेर मराठीत बोलतात. नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेला, मूल नाही. टॉवेलच्या कारखान्यात मागावर त्यांनी उमेदीची वर्षं घातली. यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्या बाईशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. अक्का त्या खडखडाटावर गायच्या. तोच आवाज घेऊन त्या संध्याकाळी आमच्या ऑर्केस्ट्रात यायच्या आणि मागच्या रांगेत उभ्या राहून मुख्य गायिकेच्या मागं "आ आ" करायच्या. निवेदक सगळ्यांची नावं घ्यायचा, ढोलकवाल्या सलीमभाईचंसुद्धा. अक्कांच्या वाट्याला "आणि साथीदार" एवढंच यायचं. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. मीही कधी विचारलं नाही, हे आता बोचतं.

मागच्या वर्षी गल्लीतल्या एका मास्तरांच्या शोकसभेत भाषणं फारच लांबली, तेव्हा अक्का न विचारता उठल्या आणि आईकडून आलेलं एक जुनं विलापाचं गाणं म्हणू लागल्या. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं आणि ते फिरत फिरत कुठल्या कुठं गेलं. टेंभुर्णी आणि अकलूजहून फोन आले: त्या बाईंचा कार्यक्रम पाहिजे. अक्का म्हणाल्या, तिसरा होटगीला ठेवा. तिथून तर कुणी बोलावलेलं नव्हतं. पण त्यांनी हट्टच धरला, तेव्हा मी तिथल्या एका ओळखीच्या गुरुजींना गळ घातली.

फ्लेक्स करणाऱ्या पोरीनं अक्कांच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत छापलं: सोल सिंगर राजेश्वरी. परदेशात असं जीव ओतून गाणाऱ्यांना सोल सिंगर म्हणतात, असं तिनं समजावलं. गल्लीला ते पटलं नाही. सोल म्हणजे चपलेचा, असं अर्ध्या लोकांचं मत पडलं. अक्का फ्लेक्ससमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव लई मोठं काढलंय. कुणाला वाटंल मी गेले."

सलीमभाईच्या व्हॅनमधून आम्ही तिघं निघालो. टेंभुर्णीला हायवेलगत नव्या मंगल कार्यालयाचं उद्घाटन होतं. अक्कांनी सुरुवातच नवरा गेलेल्या बाईच्या गाण्यानं केली. मालक घाईघाईनं स्टेजजवळ आला आणि हळूच म्हणाला, काहीतरी आनंदाचं घ्या की. अक्का म्हणाल्या, "आनंदाचं मला पाठ न्हाय." तिसऱ्या गाण्याला मालकाची आई पदर तोंडाला लावून रडू लागली. पुढची गाणी झालीच नाहीत. आम्हाला नारळ आणि शाल देऊन जरा लवकरच वाटेला लावलं. व्हॅनमध्ये बसताना अक्का एवढंच म्हणाल्या की म्हातारीचा सूर चांगला होता.

अकलूजला बायकांच्या मेळाव्यात दुपारचा कार्यक्रम होता. सोल सिंगर म्हणजे सोलापूरची सिंगर, अशी निवेदिकेनं ओळख करून दिली. दुसऱ्या गाण्याला वीज गेली. माईक बंद, पंखे बंद, माझा कीबोर्डही बंद. आता थांबावं लागेल असं मला वाटलं. अक्का मात्र पुढं सरकल्या आणि मागावर गायच्या तशा पूर्ण गळ्यानं गाऊ लागल्या. सलीमभाई ढोलकवर हात ठेवून म्हणाला, "माइक गया तो गया, अक्का चालू हैं." आधी बायका हसत होत्या, मग गप्प झाल्या. दीड तास त्या तशाच गायल्या. नंतर बायका रांग लावून त्यांना आपापली दुःखं सांगायला लागल्या. एकीला अक्का म्हणाल्या, "रडताना हनुवटी वर ठेव बाई, घसा मोकळा ऱ्हातो."

स्वतःचा घसा मात्र त्यांनी तिथंच घालवला. दुसऱ्या दिवशी आवाज फाटला होता. डॉक्टरनं पंधरा दिवस गाणं बंद ठेवायला सांगितलं. होटगीचा कार्यक्रम पुढं ढकलू, असं मी म्हटलं. सलीमभाईनंही समजावलं. अक्कांची मान नकारार्थीच हलत होती. शेवटी खरखरत म्हणाल्या, "पुढं ढकलायला टाइम न्हाय."

होटगीला शाळेच्या पटांगणात चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. गुरुजींनी माणसं बरी जमवली होती. पण वरचा सूर लागेना. पहिल्याच गाण्यात आवाज दोनदा तुटला. मी पट्टी खाली घेतली, तरी जमेना. लोक आधी थांबले, मग एकेक करून उठू लागले. मोबाईलवर ऐकलेली बाई ही नव्हे, असं कुणीतरी माझ्या मागंच म्हणालं. अक्का गात राहिल्या. शेवटच्या गाण्याला समोर अकरा माणसं होती. फ्लेक्स उतरवताना मला त्यांच्याकडं बघवेना.

मी सामान व्हॅनमध्ये ठेवलं तर त्या सलीमभाईला म्हणाल्या, जरा रुळाकडं घे. तिथं एका पत्र्याच्या घरापुढं त्यांनी व्हॅन थांबवली. सुनेनं दार उघडलं. आत कॉटवर एक बाई पडून होती, हाडं तेवढी उरलेली. ही शांता, अक्का म्हणाल्या. वीस वर्षं शेजारच्या मागावर होती. दोन वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हापासून ती कुणाला ओळखत नाही. आता खाणंही सुटलंय, असं सुनेनं हळूच सांगितलं.

अक्का कॉटवर टेकल्या, शांताचा हात मांडीवर घेतला आणि गायला लागल्या. तिन्ही गावांतली गाणी, क्रमानं. आवाज उरलाच नव्हता, नुसता श्वास आणि शब्द. मी आणि सलीमभाई दारात उभे राहिलो.

चौथ्या गाण्यानंतर शांतानं डोळे उघडले. "कोण गं तू?"

"तुज्या शेजारच्या मागावरची. राजी."

शांतानं त्यांच्याकडं निरखून बघितलं. "न्हाय. राजी लई वरडती. कान फुटत्यात." मग डोळे मिटत म्हणाली, "तू बरं गातीस."

मी अक्कांकडं बघितलं. वाटलं, आता त्या सांगतील, पटवतील, काहीतरी जुनी खूण देतील.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई वरडायची ती."

आणि शांताचा हात तसाच धरून त्यांनी पुढचं गाणं सुरू केलं.