भामाबाईंचा कामाचा हात

"अम्मा, काम कौनसे हाथ से करते?" डॉक्टर गौतमनी विचारलं, आणि भामाबाई आयुष्यातलं सगळ्यात जुनं खोटं पुन्हा एकदा बोलल्या.

"उजव्या! चांगल्या घरची आहे मी."

किडन्या थकल्या होत्या. डायलिसिस लागणार हे पक्कं होतं. रक्त कुठून काढायचं आणि कुठून परत घालायचं, एवढंच ठरायचं होतं. त्यात भामाबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. मानेत नळी? "नको. तिच्यात जंतू शिरतात म्हणता. दोन दिवसांची पाहुणी म्हणूनसुद्धा नको." पोटात नळी घालून घरीच औषधाच्या पाण्याच्या पिशव्या बदलायच्या? "दिवसातून चार वेळा? बरकतपुऱ्याच्या आमच्या घरात एकदा कुणी दार लावून बसू दिलं तर शपथ!" राहिला हात. हातातली धमनी शिरेला जोडायची, त्याला फिस्टुला म्हणतात. दीड-दोन महिन्यांत शीर जाड होते, मग सुई तिथंच. "हे बरं. आपला हात, आपली शीर. परकं काही नाही."

"मग डावा हात घेऊ, कामाचा मोकळा राहील," डॉक्टर म्हणाले. "आजपासून डाव्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. उशीर झाला तर मात्र मानेतली नळी चुकणार नाही."

भामाबाई होत्या डावखुऱ्या. चौतीस वर्षांपूर्वी माप ओलांडून आत आल्या, त्याच दिवशी सासू भाग्यलक्ष्मीबाईंनी बजावलं होतं, "आमच्यात डाव्या हाताचं कुणी खात नाही." तेव्हापासून चारचौघांत उजवा हात, आणि स्वयंपाकघरात दाराकडे पाठ. नवरा हिम्मतराव बेगम बाजारातले मिरचीचे व्यापारी. डोळे मिटून मिरची कुठल्या गावची ते सांगायचे. बायको कुठल्या हाताची, ते काही त्यांना कळलं नाही.

घरी आल्यावर मुलगा हर्षवर्धननं आईच्या डाव्या हातावर पेनानं लिहिलं, 'सुई नको'. सून रेणूनं त्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. हात वापरू नका असं डॉक्टर म्हणालेच नव्हते, पण हर्षवर्धन कंपनीत सुरक्षेचं काम बघतो. त्याला सांगितल्यापेक्षा दुप्पट केल्याशिवाय झोप येत नाही.

"आई, डावा हात खाली! उजव्यानं काय ते कर."

भामाबाई बोलणार काय? बोलल्या असत्या तर चौतीस वर्षं बाहेर आली असती. त्यांनी उजव्या हातानं भाकरी थापली.

"भामा," हिम्मतरावांनी ताटात बघितलं, "ही धरायची कुठून?"

"खायची आहे. धरून कुठं जाणार आहात?"

दुसऱ्या दिवशी गवार बोटाएवढी चिरली गेली. तिसऱ्या दिवशी बशीतला चहा हिम्मतरावांच्या मांडीवर गेला. भाग्यलक्ष्मीबाई एकेक घास मोजून चावत होत्या.

चौथ्या दिवशी रेणू नवऱ्याच्या कानाशी लागली. "आईंचा उजवा हात चालेना हो. डोक्यात तर काही..."

हर्षवर्धननं तडक आईला आबिड्सला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. कागदावर दोन ठिपके. "अम्मा, सीधे हाथ से जोडो." भामाबाईंनी जीव लावून रेघ ओढली, ती कागद सोडून टेबलावर गेली.

"एमआरआय करावा लागेल," डॉक्टर गंभीर झाले. "रिपोर्ट येईपर्यंत ऑपरेशन थांबवा."

मशीनची तारीख मिळाली पंधरा दिवसांनंतरची. हर्षवर्धननं फोन केला, तर डॉक्टर गौतम म्हणाले, "इतना नहीं रुक सकते. फिस्टुला मग बघू. उद्या मानेत नळी घालून डायलिसिस सुरू करू."

जिला पाहुणी म्हणून उंबऱ्यात उभं केलं नव्हतं, ती नळी आता बिऱ्हाड मांडणार होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गौतमांच्या खोलीत सगळं घर जमलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या भाग्यलक्ष्मीबाईही न विचारता ऑटोत येऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी सहीचा कागद पुढं केला. भामाबाईंनी मानेवरून हात फिरवला.

"डॉक्टर, मी..." त्यांची नजर सासूकडे गेली आणि त्यांनी सहीचा कागद जवळ ओढला.

खाडकन काठी आपटली.

"डॉक्टर, ठेवा तो कागद!" भाग्यलक्ष्मीबाई कडाडल्या. "माझी सून डावखुरी आहे. तिच्या डोक्याला काही झालं नाही. झालं असलं तर ह्या बाकीच्यांच्या. घ्या तिचा उजवा हात!"

डॉक्टरांनी कागदावर दोन ठिपके काढले आणि पेन भामाबाईंच्या डाव्या हातात दिलं. रेघ आली ती पैठणीच्या काठासारखी सरळ. मग उजव्या हातावर मशीन फिरवून त्यांनी शिरा तपासल्या.

"रक्त काढायला इसी को टोचत होते क्या? तरी शिरा शाबूत आहेत. नळी नको, एमआरआय नको. परवा ऑपरेशन."

हिम्मतराव बायकोकडे असे बघत होते, जणू कुणी नवीनच बाई दाखवायला आणली आहे.

बाहेर बाकावर टेकल्यावर भामाबाईंनी हळूच विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला कधी कळलं?"

"तू आलीस त्याच आठवड्यात. तू पिळलेल्या लुगड्याचा पीळ उलटा असायचा."

"मग चौतीस वर्षं बोलला का नाहीत?"

म्हातारीनं पदर सावरला.

"बोलले असते, तर तू भाकऱ्या उजव्या हातानं थापल्या असत्यास," त्या म्हणाल्या. "चार दिवस खाल्ल्या ना मी. माझं शहाणपण माझं मलाच पटलं."