प्रेम पडताळणी: शंभरात साठ

प्रेम पडताळणी निरीक्षक म्हणून माझी अकरा वर्षं सेवा झाली. नवरा-बायको दोघेही सरकारी नोकर असले की एका गावात बदली मागतात. या सवलतीचा गैरफायदा कुणी घेऊ नये, म्हणून त्यांचं एकमेकांवर खरोखर प्रेम आहे ना, हे तपासणं भाग पडलं. शंभरात साठ गुण लागतात. मी कुणाची भीडभाड ठेवत नाही.

अर्ज एका परिचारिकेचा होता. नवरा तीन तासांवरच्या गावी शाळेत सुतारकाम शिकवायचा. नऊ वर्षं असाच संसार चालला होता, आणि मुलगी त्याला 'रविवारचे बाबा' म्हणायची. एका रविवारी मी प्रपत्र घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो.

नवरा दारात आला. बायको म्हणाली, "पाय पुसा आधी." स्वागतपर उद्गार: शून्य. त्याने पिशवीतून पान्हा काढला आणि थेट गळका नळ दुरुस्त करायला बसला. भेटवस्तू: शून्य. जेवताना तळाचा करपलेला भात तिने गुपचूप स्वतःला वाढून घेतला, तर यानं तो तिच्या ताटातून ओढला. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. ताटातलं हिसकावणे: उणे पाच.

बायकोवर प्रेम आहे असं तिला कधी सांगता का, असं मी विचारलं. गडी कानापर्यंत लाल झाला.

"घरातल्या घरात?" म्हणाला.

एकूण गुण सात. अर्ज नामंजूर. मुलगी दाराआड रडत होती, पण प्रपत्रात त्याचा रकाना नाही.

नियम मात्र माणुसकीचे आहेत. नापासांना आमचंच खातं प्रशिक्षण देतं. तीन महिन्यांत दोघांनी सात वाक्यं पाठ केली, वेळ लावून मिठीचा सराव केला, एकाच रंगाचे कपडे घालून चोवीस फोटो काढले. गुण ब्याण्णव! बदली मिळाली. अट एवढीच, की दरमहा तपासणी होणार आणि गुण साठाखाली जाता कामा नयेत.

वर्षभराने परिचारिका कार्यालयात आली. मागे नवरा, हातात गुलाब. दोघांना पुन्हा वेगवेगळ्या गावी नेमणूक हवी होती. मी चाटच पडलो. गुण तर सत्त्याण्णव होते.

"पाय पुसा म्हटलं की गुण जातात, साहेब," ती म्हणाली. "सहा महिने नळ गळतोय. हे पान्ह्याला हात लावत नाहीत, फोटोत हात काळे दिसतात म्हणे. रोज घरी असतात, आणि पोरगी विचारते, रविवारचे बाबा कधी येणार?"

नवऱ्याने सवयीने पाठातलं तिसरं वाक्य म्हटलं. ती रडायलाच लागली.

वेगळ्या नेमणुकीला 'प्रेमाचा अभाव' हे एकच कारण चालतं. तेच लिहू का, असं मी विचारलं. त्याने गुलाब टेबलावर ठेवला.

"प्रेम आहे म्हणून, असं लिहा."

तशी तरतूद नाही. सत्त्याण्णव गुणांचं जोडपं तोडायचं पाप कोण घेणार? मी अर्ज फेटाळला.

घरी पोचलो तर बायको म्हणाली, "पाय पुसा आधी." खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. मग पेन काढून शून्य मांडलं.

योजना इतकी यशस्वी झाली की आता ती सर्वच नागरिकांना लागू आहे. पुढच्या रविवारी तुमच्याकडे येतोय. तुमचे लग्नाच्या वाढदिवसाचे फोटो आणि खालचा मजकूर मी मोबाइलवर पाहिला. तयारी उत्तम आहे, तुम्हाला प्रशिक्षणाची गरज नाही. फक्त मी येईन तेव्हा नळाखाली एखादं फडकं ठेवा. गळताना फार आवाज होतो.