पलंग बघायला जाणारे दामूकाका

विचुंब्याच्या आमच्या सोसायटीत दामूकाका म्हात्रे राहतात. संग्रहालयात गेले की ते फक्त पलंग बघतात. तलवारी, तोफा, राजाने मारलेला वाघ, या सगळ्यांसमोरून ते चुकीच्या लग्नाच्या हॉलमध्ये शिरलेल्या माणसासारखे झपाझप पुढे निघून जातात. शयनगृहाच्या दाराशी आले की मात्र चपला काढतात. म्हणतात, "निजायची जागा हाय. तिथं चपला नाय घालत."

काका मूळचे गव्हाणचे. आता त्यांच्या शेताच्या जागी रस्ता आहे आणि त्यांच्याकडे भरपूर वेळ. मी इथे राहायला आलो तेव्हा त्यांनी आधी माझी गाडी हेरली, मग मला.

"साहेब, रविवारी काय करता?"

"काही नाही."

"मंग पलंग बघायला जाऊ."

मुलीच्या रुखवतासाठी दुकानं पालथी घालायची असतील, असं समजून मी हो म्हटलं. काका 'अजून पुढं' म्हणत राहिले आणि गाडी घाट चढून एका जुन्या संस्थानाच्या राजवाड्यासमोर थांबली.

तिथला गाइड हुशार होता. शिसवी लाकूड, चांदीचे पाय, सगळं सांगून झालं. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "राजेसाहेब कंच्या कुशीवर निजायचे?"

"तशी काही नोंद नाही, काका."

"रात्री तहान लागली तर पानी कोन द्यायचा?"

"सेवक असेल ना."

"असेल नको. होता का नाय ते सांगा."

गाइड शाळेच्या सहलीकडे वळला. काकांनी पलंगाला एक फेरी मारली आणि निकाल दिला, "बघायला बरा. निजायला नाय."

पुढे मला या निकालाची सवय झाली. एका ठिकाणी पलंग इतका उंच होता की चढायला पायऱ्या होत्या. काका म्हणाले, "झोपेत खाली आला तर राज्य कोन सांभाळनार?" एका देशभक्ताच्या घरी साधी लोखंडी खाट आणि वर गोधडी होती. तिच्यासमोर मात्र ते बराच वेळ उभे राहिले. "ह्या मानसाला झोप लागत असनार." थंड हवेच्या ठिकाणच्या एका बंगल्यात पलंग फार आखूड होता. जुने साहेबलोक अर्धवट बसून झोपायचे, असं तिथल्या माणसाने सांगितलं. परतताना काकांनी माझ्या गाडीत तसं करून बघितलं आणि पळस्प्यापर्यंत घोरत आले.

घोटाळा झाला तो एका राणीच्या पलंगापाशी. "निजल्यावर वर काय दिसायचं?" असं काकांनी विचारलं. गाइड तोवर पुढे निघाला होता. लोक पुढच्या दालनात गेले, मी एका आरशात माझे विरळ होणारे केस बघत होतो, एवढ्यात मागे शिट्टी वाजली. काका दोरीपलीकडे, राणीच्या पलंगावर, हात छातीवर ठेवून आडवे होते.

"उठा आजोबा, उठा," पहारेकरी म्हणाला.

"पाखरं हायेत वर," काका छताकडे बघत म्हणाले. "हिरवी. जोडीनं."

आम्हाला ऑफिसात नेलं. तिथल्या बाई सभ्यपणे बोलल्या, "आजोबा, जुना पलंग आहे, मोडला असता."

"नाय मोडत. कुरकुरला पन नाय."

पुन्हा इकडे यायचं नाही, अशी समज देऊन त्यांनी आम्हाला सोडलं. सोसायटीत परतल्यावर काका लिफ्टमध्ये म्हणाले, "आता बास, साहेब. ह्या वयात शिट्टी वाजवून घ्यायची म्हंजे..."

त्यानंतरचे रविवार ते घरातच बसून राहिले. मग एके दिवशी त्यांची मुलगी मला बोलवायला आली. उरणला दिलेली ही मुलगी दर रविवारी आईजवळ थांबायला येते. मथुराकाकूंना चालता येत नाही एवढं मी ऐकून होतो, पण त्यांच्या घरात कधी गेलो नव्हतो.

काकू खिडकीजवळ, हॉस्पिटलात असते तसल्या खाटेवर पडून होत्या. कंबरेखालचं अंग कित्येक वर्षं हलत नव्हतं. आवाज मात्र खणखणीत. काका दूध आणायला गेले होते.

"ते सवाल माझे असतात," काकू म्हणाल्या. "हे घरी आले का मी विचारते. नाय सांगता आलं तर बोलते, मंग गेलात कशाला?"

"तुम्हाला पलंगांची एवढी आवड आहे?"

काकूंनी माझ्याकडे, याला गाडी तरी कशी चालवता येते, अशा नजरेने पाहिलं.

"मी दिवसरात पलंगावर. मला कसली आवड? पन हे घरात असले का माझ्या उशाशी बसतात. मी खोकले का उठतात, मी गप पडले तरी उठतात, ही बोलत का नाय म्हनून. देवळात धाडलं तर लगेच परत. मंग एकदा टीव्हीवर राजाचा पलंग दाखवला. मी बोलले, एवढा बघून या, मला बघायचाय. तवापासून रविवारी जरा मोकळी हवा खातात."

"त्यांना माहीत आहे हे?"

"नाय. तुमी पन सांगू नका."

एवढ्यात दार वाजलं. काका पिशवी घेऊन आत आले आणि काकूंचा आवाज एकदम रुसका झाला. "हे साहेब सांगतात, कुठंतरी एक पलंग हाय, साखळ्यांवर टांगलेला. झोपाळ्यावानी. मला काय, बघून सांगनारं कोनी नाय."

मी असं काहीच सांगितलं नव्हतं.

काका माझ्याकडे वळले. "टांगलेला?"

"हो," मी म्हटलं. "मोठा आहे."

काकांनी दूध मुलीकडे दिलं. मग एका हाताने काकूंचं डोकं अलगद उचललं, दुसऱ्या हाताने उशी उलटी केली आणि तिच्या गार बाजूवर ते डोकं परत ठेवलं.

"हलतो का गं तो, विचारून येतो," ते तिला म्हणाले, आणि चपला शोधू लागले.