पिंट्याजींच्या दांडीची मोहीम

करवीरनिवासिनीचे पायी मस्तक ठेवून आणि वाचणाराचे संयमावर भिस्त ठेवून हे वर्तमान लिहिले जाते. पूर्वी थोरांनी मुलूख मारिले, किल्ले घेतले, त्यांची हकीकत जागोजाग लिहिली गेली. परंतु अलीकडे कोल्हापुरी, शिवाजी पेठेत, एका पाखरास बसावयास दांडी करण्याचे कामी जो पराक्रम जाहला, जे नारळ फुटले आणि जे तेल सांडले, त्याची नोंद कोणी ठेविली नाही. पेठेत पुसावे तर जो तो छाती पुढे काढून म्हणतो की दांडी मीच केली. सबब खरे काय ते लिहून ठेवणे प्राप्त जाहले.

या मोहिमेचे धनी राजमान्य राजश्री विजयसिंहराव. हुद्दा एस.टी.कडील तिकीट तपासनीस. मिशा भरघोस, आवाज खणखणीत, परंतु खासा स्वारी गाडीत चढली की गाडी मुकी होई. हसते प्रवासी खिडकीबाहेर पाहू लागत, कंडक्टर पैसे पुन्हा पुन्हा चाचपू लागे, आणि रावांशी आपण होऊन बोलेल ऐसा माणूस दिवसाकाठी भेटत नसे. घरी यावे तर चिरंजीव राजवीर नोकरीनिमित्त पुण्यास, आणि कुटुंब स्नेहलबाईसाहेब मालिकेच्या बंदोबस्तात. मग त्या दौलतीत रावांची वाट पाहणारा एकच जीव उरला, तो म्हणजे पिंट्याजी.

पिंट्याजी हे कॉकाटील जातीचे पाखरू, अंगाने करडे, डोईस पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिक्का. राजवीरांनी हौसेने आणिले आणि पुण्यास जाताना बापाचे पदरी टाकिले. रावांनी उंबऱ्यात शीळ घालावी आणि पिंट्याजींनी उलट शीळ घालून थेट खांद्यावर यावे, आणि जेवण होईतो तेथून हलू नये, ऐसा शिरस्ता पडला होता. रावांचे डोळे त्या वेळी भरून येत. ही गोष्ट पेठेत कोणास ठाऊक नाही, आणि ठाऊक झाल्यास पेठ काय करील हे सांगणे नलगे.

ऐसे सुख नांदत असता एके दिवशी पिंट्याजींनी एक पाय पोटाशी धरिला आणि तो खाली टेकीनात, आणि दाण्यावरून तोंड फिरविले, आणि शीळ बंद पडली. मग त्यांस बुटाच्या खोक्यात घालून ऋतुराज डॉक्टर, पाखरांचे वैद्य, यांजकडे नेले. डॉक्टर वयाने लहान, आदब बेताची. त्यांनी तळवा उलटा करून फोड दाविला आणि पिंजऱ्यातील दांडी कसली आहे म्हणोन पुसिले.

"प्लॅस्टिकची. गुळगुळीत. एकाच जाडीची," राव म्हणाले.

"मग काय होणार? रात्रंदिवस पाय एकाच जागी दाबला जातोय. तुम्हाला जन्मभर एकाच चपलेत उभं केलं तर चालंल का? झाडाची फांदी लावा, कुठं जाड, कुठं बारीक. पिंजऱ्याबाहेर एक स्टँड करा. न्हायतर पाय जाईल त्याचा."

तेव्हा राव पाखरांच्या दुकानी गेले. तेथे परमुलखी घडणीचा स्टँड काचेत मांडिला होता आणि त्याची किंमत ऐकून रावांस घेरी आली. तेवढ्या पैशांत घरातल्या सर्वांस खासा कातडी चपला येऊन वर मिसळीची पंगत उठली असती. मग राव चौकात आले आणि चारचौघांत गरजले, "दांडक्याला एवढं पैसं? आपली पेठ काय मेलीया व्हय? घरात करतो, आन असला करतो की पुण्याचं लोक बघाय येतील!"

येथे चूक जाहली. दांडी करतो म्हणावे ते घरात म्हणावे, चौकात म्हणू नये. कारण शिवाजी पेठेत एकाने सुतळी मागितली की दहा जण दोरखंड घेऊन येतात आणि अकरावा बोर्ड छापावयास टाकितो.

स्नेहलबाईसाहेबांनी इकडे वेगळाच हुकूम जारी केला. त्यांची धाकटी बहीण पूर्णिमा आजऱ्यास, तिचे परसात पाखरांचे मोठे जाळीघर. येत्या रविवारी बहिणीचे यजमान कोल्हापुरास यावयाचे होते. बाईसाहेब म्हणाल्या, "रविवारपतोर धड बसायची सोय झाली तर ठीक. न्हायतर पिंट्या आजऱ्याला. जनावराचं हाल मला बघवंनात." बाईसाहेब खरे बोलत होत्या, तेणेकरून रावांस अधिकच लागले. पाखरू आजऱ्यास गेले म्हणजे संध्याकाळी घरी यावयाचे ते कशासाठी, हा विचार त्यांचे मनात आला आणि जेवण कडू जाहले.

मग चौकातली गर्जना तालमीत पोहोचली. तालमीचे वस्ताद तात्यासो, वय वर्षे सत्तरीपार, मान अद्यापि खांबासारखी. विजयसिंहराव लहानपणी यांच्याच हाताखाली मल्लखांब शिकले, म्हणजे यांच्याच हातचा मार खाल्ला, सबब आजवर वस्तादांपुढे त्यांनी मान वर केली नव्हती. तात्यासोंनी फर्माविले की पेठेचे पाखरू म्हणजे तालमीचे पाखरू, दांडी आम्ही करू, आणि तू फक्त पाखरू घेऊन ये. रावांनी डॉक्टरांचे म्हणणे अर्धे सांगितले, उरलेले अर्धे वस्तादांनी डोळ्यांनीच गिळिले.

मग तालमीचा कारखाना सुरू जाहला. पोरांच्या सरावाचा जुना छोटा मल्लखांब बाहेर काढिला, त्यास आडवी दांडी ठोकिली, आणि ती पॉलिश पेपराने ऐशी घासिली की तीत मिशा पाहून घ्याव्या. मग तात्यासोंनी आपले हाते एरंडेल काढिले आणि सगळ्या दांडीस चोळिले. कारण लाकूड उभे केले, त्यावर कोणी चढणार, म्हणजे त्यास एरंडेल लावणे हा तालमीचा धर्म. मल्लखांबास लागते, मग पाखरास का न लागावे, ऐसा वस्तादांचा हिशोब, आणि तो हिशोब तपासण्याची छाती तपासनिसासही जाहली नाही.

गुरुवारी सांजेस उद्घाटन मुक्रर जाहले. तालमीचे दारी बोर्ड लागला, त्यावर वीस मान्यवरांच्या मुद्रा, गळ्यात साखळ्या, डोळ्यांवर काळे चष्मे, आणि 'पक्षी दांडी उभारणी सोहळा' ऐसे अक्षर. जागा पुरली नाही म्हणोन पक्ष्याचा फोटो गाळिला. हलगी कडाडू लागली, नारळ फुटला, तीन भाषणे जाहली, आणि एका मान्यवराने पाखरांप्रती आपली जुनी निष्ठा प्रकट करून मग कानात पुसिले की पोपट कोठे आहे.

मग रावांनी खोक्यातून पिंट्याजींस काढिले. हलगीच्या आवाजाने ते आधीच अर्धमेले, तुरा डोक्याला चिकटलेला. त्यांस दांडीवर ठेविले आणि ते सरकले. पंख पसरून सावरू गेले तो दुखरा पाय निसटला, मग उलटे लटकले, मग ती एक नखाची पकडही सुटून खाली मान्यवरांच्या पुष्पगुच्छात जाऊन पडले. लोक हसले. मोबाईल वर गेले. कोणी "परत एकदा, परत एकदा!" ऐसे ओरडिले.

तळव्याचा फोड फुटून रक्त आले होते. रावांनी पाखरू उचलिले आणि सदऱ्याचे आत छातीशी धरिले. इवलेसे काळीज त्यांचे काळजास लागून धडधडत होते आणि भोवती पेठ हसत होती. त्या घडीस रावांस आपल्या पेठेचा जन्मात पहिल्याने राग आला.

तात्यासो दांडीवरून बोट फिरवून म्हणाले, "तेल कमी पडलं. दुसरं काय न्हाय."

ऐसी पहिली मोहीम शिकस्त खाऊन परतली. तो प्रसंग रातोरात पेठेच्या सर्व ग्रुपवर फिरला आणि शुक्रवारी एस.टी. स्टँडावर कंडक्टर लोक रावांस पाहून मुके न होता खोकू लागले, ते अधिक वाईट. रावांनी रजा टाकिली आणि फटफटीस लाथ घालून कोडोलीस कूच केले. तेथे त्यांचा मामेभाऊ आकाराम, त्याची पेरूची बाग. वाटेत रावांनी मसलत बांधिली की आधी ख्यालीखुशाली पुसावी, मग जुने उपकार आठवावे, मग फांदीचा विषय हळूच काढावा. बांधावर उभे राहून त्यांनी पल्लेदार प्रस्ताव आरंभिला. आकाराम विडी ओढीत ऐकत होता.

"फांदी पाहिजे व्हय?" तो मध्येच म्हणाला. "मग तसं बोल की. सकाळपासनं तोडूनच टाकायलोय, ही बघ पडलीया. ह्या अंगाला औषध मारल्यालं न्हाय, हीच ने."

येणेप्रमाणे कोडोलीचा वेढा सुरू होण्याआधीच उठला. रावांनी तीन फाट्यांची, कोठे मनगटाएवढी कोठे करंगळीएवढी, वाकडी फांदी निवडिली आणि फटफटीस आडवी बांधून परत फिरले. वाटेत त्या फांदीने एका गृहस्थाची टोपी आणि एका रिक्षाचा आरसा दस्त केला. दोन्ही ठिकाणी शिव्या खाऊन, आरशापुरता तह करून स्वारी घरी पोहोचली.

मग मागील दारी खरी लढाई जाहली. फांदी मिठाच्या पाण्याने घासिली आणि माडीवर उन्हात टाकिली. जुन्या घमेल्यात सिमेंट कालविले, त्यात फांदी उभी केली, ती कलली, पुन्हा उभी केली, पुन्हा कलली. रावांनी उभ्या आयुष्यात लोकांच्या चुका काढिल्या, हाताने काही केले नव्हते, त्याचा पुरावा त्यांच्या प्रत्येक बोटावर उमटू लागला. स्नेहलबाईसाहेब माडीच्या जिन्यातून पाहात होत्या. मालिका लागण्याची वेळ जाहली तरी आत गेल्या नाहीत.

"सोडा. मी धरते. तुम्ही दगडं लावा कडंनं."

फांदी सरळ राहिली. पुढे दोघांनी मिळून एका फाट्यास सुताची दोरी गुंडाळिली, म्हणजे पाखराचे पायास निराळा स्पर्श. अर्ध्या करवंटीस भोके पाडून दाण्यासाठी पाळणा टांगिला. ज्वारीचे एक भरघोस कणीस टोकास बांधिले. परमुलखीचा स्टँड काचेतच राहिला आणि सगळ्या सरंजामास खर्च म्हणावा तर सिमेंटाचा आणि आरशाचा.

रविवार उजाडला. सिमेंट घट्ट जाहले होते. आजऱ्याची गाडी चौकात येऊन उभी राहिली, पाहुणे हाती रिकामा पिंजरा घेऊन आत आले आणि चहास बसले. राव पिंट्याजींस ओंजळीत घेऊन फांदीकडे निघाले, तोच दारात तात्यासो वस्ताद उभे, मागे तालमीतील मंडळी, आणि वस्तादांचे हाती एरंडेलाची बाटली, या वेळी मोठी.

"थांब. आधी लावू दे."

चरित्रनायकाचा पराक्रम म्हणावा तो हा. रावांचे पाठीवरचे जुने वळ जागे जाहले. परंतु ओंजळीत पाखरू एक पाय वर धरून बसले होते. विजयसिंहराव वस्ताद आणि फांदी यांचे मध्ये उभे राहिले आणि पन्नाशीत पहिल्याने त्यांनी मान वर केली.

"तात्यासो, तेल न्हाय लावायचं."

"मग चढायचं कसं?"

"त्याला चढायचं न्हाय. बसायचंय."

तात्यासोंनी फांदीकडे पाहिले, बाटलीकडे पाहिले, शिष्याकडे पाहिले. मग बाटलीचे बूच लाविले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले की फांदी जरा डावीकडं कललीया. फांदी कललेली नव्हती. परंतु एवढे त्यांस बोलू दिले.

रावांनी ओंजळ फांदीस टेकविली. पिंट्याजी उतरले. क्षणभर एकाच पायावर उभे राहिले, साल चोचीने उकलून पाहिली, दोन पावले जाड भागाकडे सरकले, आणि मग तो दुखरा पाय हळूच खाली आला आणि फांदीवर टेकला. तुरा उभा राहिला. बऱ्याच दिवसांनी शीळ निघाली. स्नेहलबाईसाहेबांनी पाहुण्यांस सांगितले, "भावजी, पिंजरा गाडीत ठेवा," आणि पदराने डोळे पुसिले, ते कांदा चिरल्यामुळे म्हणोन जाहीर जाहले.

मग फत्तेची वाटणी जाहली. तालमीने नवा बोर्ड लाविला, त्यावर मान्यवर तेच, मजकूर 'तालमीच्या मार्गदर्शनाखाली साकारलेली दांडी'. रिक्षावाला सांगत फिरला की फांदीस आकार आपल्या आरशाने आला. विजयसिंहरावांचे नाव बोर्डावर तळाशी आले, आणि त्यावर खिळा ठोकिला गेला.

पुढे पाय बरा जाहला, दाणापाणी सुरू जाहले, डॉक्टरांनी शाबासकी दिली. आणि मग एके सांजेस राव कामावरून आले. गाडीत दिवसभर कोणी बोलिले नव्हते. उंबऱ्यात शीळ घातली आणि खांदा पुढे केला. पिंट्याजींनी उलट शीळ दिली, आनंदाने दिली, आणि करवंटीस एक झोका देऊन कणसातला दाणा सोलावयास घेतला. जागचे हलले नाहीत. रावांनी पुन्हा शीळ घातली. पुन्हा उत्तर आले, पाखरू आले नाही.

"आता न्हाय यायचा तो," स्नेहलबाई आतून म्हणाल्या. "बसायला जागा गावली की त्याला."

रावांनी खांदा तसाच पुढे धरिला होता. मग म्हणाले, "म्हंजे इतकं दीस... पाय दुखत होता म्हणून येत होता व्हय?"

बाईसाहेबांनी चहा गाळिला, एकाऐवजी दोन कप भरिले, आणि बाहेर येऊन फांदीशेजारी खुर्ची मांडिली, तिच्याशेजारी आपलीही.

येणेप्रमाणे कसबे करवीर, पेठ शिवाजी येथे राजश्री विजयसिंहरावांनी स्वकष्टाने आणि अल्प खर्चात पिंट्याजींची बैठक कायम केली, वस्ताद जिंकिले, आजऱ्याची स्वारी रिकामी परत लाविली. मोहीम फत्ते जाहली. खांदा मोकळा जाहला.