डिक्कीतला मेहुणा

गाडीची नाडी आपल्यालाच कळते, असं गोंडपिपरीचे खुशालभाऊ छातीठोकपणे सांगायचे. लेक नंदिनी लग्नाला राजुऱ्याला जाईल ती तिच्या आबाच्या, म्हणजे आजोबांच्या, जुन्या अॅम्बेसेडरमधूनच, हा शब्दही त्यांनी असाच छाती ठोकून दिला होता. आणि लग्न तोंडावर आलं, तर गाडी आदळायला लागली! खड्डा आला की मागून खट्, नाही आला तरी खट्. खुशालभाऊंना जेवण गोड लागेना. घास टाकून अंगणात जायचे, गाडीचं बूड दाबून बघायचे, चाकाला लाथ मारायचे, परत ताटावर यायचे.

"पोरीचं कंबरडं मोडन त्या खटाऱ्यात," बायको कमला म्हणाली. "मी बोलेरो सांगून राह्यली."

"संध्याकाळपर्यंत थांब. आवाज कुठून येते तेवढं कळू दे मले."

कमलाचा भाऊ अश्वजित अंगानं भरभक्कम, स्वभावानं गरीब. खुशालभाऊंनी त्याला डिक्कीत कोंबला.

"कान लावून बस. आवाजाची जागा सापडली की ठोक."

"भाऊजी, जीव गुदमरते माहा."

"बोलू नको, ऐक."

गाडी निघाली आणि काय नवल, खड्डे आले नि गेले, खट् नाही की खुट् नाही. रोग आपोआप बरा झाला म्हणून खुशालभाऊ असे हरखले, की मेहुण्याला साफ विसरून थेट जंगलनाक्यावर पोचले.

नाक्यावरची गार्ड रीता आडवी आली. "गाडी मागून एवढी काऊन बसली? सागवान हाय का? डिक्की खोला."

"रिकामी हाय जी."

तेवढ्यात आतून धडाधड ठोके पडले.

डिक्की उघडली. अश्वजित घामानं निथळत होता. "आवाज नाई सापडला, भाऊजी. पाणी पाह्यजे."

रीतानं खुशालभाऊंकडून कमलाला फोन लावून घेतला. "बाई, तुमच्या भावाले डिक्कीत घालून कुठी नेऊन राह्यले हे?" त्यावर कमला जे बोलली ते नाक्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं, इथं सांगण्यासारखं नाही.

परतताना अश्वजित पुढच्या सीटवर बसला आणि खट् खट् पुन्हा सुरू झाली. आता कुठं खुशालभाऊंच्या डोक्यात उजेड पडला. धक्के झेलणारे मागचे शॉकअप केव्हाच मेले होते; मघाशी मेहुण्याच्या वजनानं गाडी दबून होती, म्हणून आवाज नव्हता. नवे शॉकअप चंद्रपुरातही मिळेनात. मग लग्नाच्या सकाळी त्यांनी गुपचूप डिक्कीत तांदळाची पोती भरली.

गाडी अशी चालली, जशी तलावात डोंगी. "आबाची गाडी मस्त चालते, बाबा," नंदिनी म्हणाली, तेव्हा खुशालभाऊंना भरून आलं.

राजुऱ्यात नवरीची बॅग काढायला व्याह्यांनी डिक्की उघडली. "अरे बापा, एवढं काऊन आणलं जी?" म्हणत त्यांनी पोती उतरवूनही घेतली. तो तांदूळ नव्हे, आमचा शॉकअप आहे, हे व्याह्यांना सांगायचं कोणत्या तोंडानं? खुशालभाऊ हात जोडून हसत राहिले.

लग्न लागलं, लेक सासरी राहिली. रिकामी गाडी खट् खट् करत गोंडपिपरीकडे निघाली. मागच्या सीटवर कमला सारखी डोळे पुसत होती. लेक गेली म्हणून, की कंबर गेली म्हणून, हे विचारायची मात्र खुशालभाऊंची छाती झाली नाही.