प्लॉट नंबर सतरा आणि त्याची पार्श्वभूमी

आम्ही घेतलेला प्लॉट नंबर सतरा हा एका फ्रेंच ऑपेराचा प्लॉट आहे, असं सरकारी मोजणीत निघालं. मागची साडेतीन गुंठे जागा त्याची पार्श्वभूमी निघाली. ती गुळवणींनी आमच्याआधीच घेतली होती.

मोजणीला आलेल्या तांबोळी मॅडमनी जुनं दप्तर उघडून खुलासा केला. संस्थानच्या काळात कुणा फ्रेंच पाहुण्यानं राजेसाहेबांना 'एका ऑपेराचा प्लॉट व पार्श्वभूमी' भेट दिली. पाहुण्याच्या मनात गोष्ट होती. दरबारच्या कारकुनानं प्लॉट म्हणजे जमीनच, असं धरून गावाच्या कडेला नोंद केली. आणि एकदा नोंद झाली की जमीन असते.

"ऑपेरा म्हणजे काय हो?" माझ्या बायकोनं, हेमलतानं, विचारलं.

"संगीत नाटक समजा. पण यात पाणी मागायचं तरी गाऊनच."

हे खरं होतं. प्लॉटच्या हद्दीत पाऊल टाकलं की बोलणं गाण्यात निघायचं, तेही फ्रेंचमध्ये. म्हणून मॅडमनी टेबल हद्दीबाहेर रस्त्यावर मांडलं होतं. कामकाज गद्यात झालं पाहिजे, असा नियम आहे.

मॅडमनी कथानक वाचून दाखवलं. बंदरात एक पाववाला असतो. त्याची बायको दारात उभी राहून बोटी बघते. मागच्या धक्क्यावर एक खलाशी येतो आणि पाववाल्याला मत्सर होतो. "पाववाला म्हणजे प्लॉटधारक, उमराणी साहेब, तुम्ही. खलाशी पार्श्वभूमीचा मालक."

गुळवणी टायपिंगचे क्लास चालवायचे. माणूस विधुर आणि नावाप्रमाणे गोड. त्यांच्या जागेत समुद्र होता. आधी पाहिला होता मी, पण खड्ड्यात पाणी साचलंय असं वाटलं होतं.

लग्नाला बावीस वर्षं झाली. हेमलता माझ्याशी बोलते ते सिलिंडर संपल्याचं. पण ताबा मिळाल्यापासून ती रोज संध्याकाळी कडुलिंबाच्या रोपाला पाणी घालायला म्हणून प्लॉटवर जायची आणि मागच्या हद्दीशी उभी राहून गायची. पलीकडून गुळवणी उत्तर द्यायचे. एका रोपाला किती पाणी लागतं, हे मलाही कळतं.

"काय म्हणालीस त्यांना?" मी एकदा विचारलं.

"मला कुठं फ्रेंच कळतं? आपोआप येतं ते."

"माझ्याकडं बघून कसं येत नाही आपोआप?"

"तुम्ही कधी आत येता? रस्त्यावर उभे राहून माझ्यावर लक्ष ठेवता."

माझा नुसता जळफळाट झाला. कारण तेही खरं होतं.

उताऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात एक नोंद होती. मॅडमनी ती शांतपणे वाचली. 'तिसऱ्या अंकात, बोट सुटण्यापूर्वी, पाववाल्याकडून बायकोचा खून. कारण मत्सर. मुदत ताब्यापासून नव्वद दिवस.' आज नव्वदावा दिवस होता.

"घाबरू नका. फेरफार करून देते," मॅडम म्हणाल्या. "खुनावर रेघ मारायची आणि प्लॉटधारकानं सही करायची. आज चारच्या आत."

"आणि खून काढला तर पुढं काय?"

"पुढं एवढंच राहतं. 'बोट सुटते.' मग पडदा."

साडेबारा वाजता त्यांनी माझ्या हातात पेन दिलं. मी ते धरून बसलो. हेमलतानं डबा उघडला. दोघींनी पोळीभाजी खाल्ली. मला विचारलं, पण माझ्या हातात पेन होतं.

खरं सांगतो, मी तिला मारणार नव्हतो. झुरळ मारायलाही मी तिलाच हाक मारतो. पण बोट सुटली की ती गुळवणींबरोबर जाणार, हे मला लख्ख दिसत होतं आणि ते मला बघवणार नव्हतं. नोंद होती तोवर ती निदान जात तरी नव्हती.

दीड वाजता गुळवणी हद्दीला वळसा घालून रस्त्यावर आले. "उमराणी, सही करून टाका हो. वहिनींच्या जिवाचा प्रश्न आहे."

ही काळजी करायचा हक्क माझा होता आणि ती त्यांनी आधी केली. त्यानंतर मी आणखी सव्वादोन तास सही केली नाही. हेमलता समोरच्या खुर्चीवर बसून माझ्या हातातल्या पेनाकडं बघत होती.

पावणेचारला मी रेघ मारली आणि सही केली. मॅडमनी शिक्का उमटवला. मागं बोटीचा भोंगा वाजला.

"जा," मी म्हणालो. "त्यांच्याबरोबर जायचं ना तुला?"

हेमलतानं डबा पुसून पिशवीत ठेवला. "त्यात 'बोट सुटते' एवढंच लिहिलंय. मी जाते, असं कुठं लिहिलंय हो?"

मी उतारा पुन्हा वाचला. तसं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

"संध्याकाळी घरी जाऊन पिठलं टाकणार होते मी," ती म्हणाली. "पण मला मारायचं नाही, एवढं ठरवायला तुम्हाला सव्वातीन तास लागले."

ती प्लॉट ओलांडून धक्क्यावर गेली आणि बोटीत चढली. जाताना ती काही गायली नाही. गुळवणी तिच्यामागून गेले, पण धक्क्यावरच राहिले. त्यांना बोट लागते, हे मला माहीत नव्हतं.

बोट चार दहाला सुटली. मी मागच्या हद्दीच्या दगडाशी होतो आणि गुळवणी माझ्यापुढं, अगदी सरळ रेषेत. हेमलतानं एकदा हात हलवला.

तो मला हलवला की गुळवणींना, याची मोजणी करून मिळावी, असा अर्ज मी दुसऱ्या दिवशी दिला. मॅडमनी तो दाखल करून घेतला. गुळवणींचा अर्ज सकाळीच आला होता.